न पुकारलेले नाव

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे आणि माझ्यासमोर ठेवलेली पाटी साफ खोटी आहे.

'बियाण्याची पेटी. एका कातडी कमावणारीच्या घरातून मिळालेली.' असे त्या पाटीवर लिहिले आहे. माझ्या आतल्या कोपऱ्यात घेवड्याचे दोन सुकलेले दाणे अडकून बसले होते. तेवढ्यावरून या संग्रहालयातल्या शहाण्यांनी माझे सगळे आयुष्य ठरवून टाकले. माझ्या झाकणातल्या लांबट फटीकडे बघून कोणाला एक प्रश्नही पडला नाही. बियाणे काय फटीतून एकेक करून आत टाकतात?

समोरच्या भिंतीवर स्क्वायर एल्नाथन लिडल यांचे मोठे चित्र आहे. कपाळ रुंद, डोळे शांत, आणि उजवा हात पितळी कुलपाच्या एका चकचकीत पेटीवर ठेवलेला. शाळेची मुले येतात तेव्हा बाई त्यांना सांगतात, "मुलांनो, हीच ती पेटी. हिच्यातूनच आपल्या गावाला स्वतःचं राज्य स्वतः चालवायला स्क्वायरनी शिकवलं." मुले माना डोलावतात आणि माझ्याकडे पाठ करून निघून जातात.

मित्रांनो, ती पेटी मी. चित्रातली नव्हे. आज तुम्ही काचेपाशी थांबलाच आहात, तर माझी हकिकत ऐकून जा.

माझा जन्म अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या याच हार्टन्स मिल गावी, टायटस व्हॅन हॉर्न यांच्या सुतारशाळेत झाला. इंग्लंडच्या राजाशी चाललेले युद्ध नुकतेच संपले होते. मी ज्या चेरीच्या फळीतून निघाले, ती फळी खरे तर एका राजनिष्ठ व्यापाऱ्याच्या कपड्यांच्या कपाटासाठी आणलेली होती. वारे फिरल्यावर तो व्यापारी जहाजात बसून राजाच्या मुलुखात पळाला आणि फळी टायटसच्या भिंतीला टेकून राहिली. नाहीतर मी आज एखाद्याच्या विगचा वास घेत बसले असते.

टायटस काळे होते. जन्माला आले ते दुसऱ्याची मालमत्ता म्हणून. मालकाच्या मुलाला युद्धावर जायचे नव्हते, त्याच्या जागी ते गेले, आणि त्या बदल्यात स्वतःची मालकी स्वतःकडे घेऊन परत आले. बोलणे अगदी कमी. पण हात असा, की माझ्या कोपऱ्यांचे दाते एकमेकांत बसवल्यावर त्यांत केससुद्धा शिरत नव्हता. एक खिळा वापरला नाही त्यांनी. अडीचशे वर्षे होत आली, मी अजून कुठे फाकलेली नाही. एवढी बढाई मला मारू द्या.

मला करून घेतले स्क्वायर लिडल यांनी. ते गावचे न्यायनिवाडे करीत, म्हणून सगळे त्यांना स्क्वायर म्हणत. तरुणपणी ते राज्याची घटना लिहिणाऱ्या मंडळात बसले होते, आणि त्या घटनेने मताचा हक्क राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना दिला होता. अट एकच, पन्नास पौंडांची मालमत्ता हवी. पुरुष की बाई, गोरा की काळा, हे घटना विचारत नव्हती. लग्न झालेल्या बाईचे सगळे नवऱ्याचे धरत, म्हणून बायकांपैकी मत उरे ते विधवांना आणि बिनलग्नाच्या बायांना. पण उरे हे खरे. आजूबाजूच्या राज्यांत तेवढेही नव्हते.

पहिल्या दिवशी टायटसच्या टेबलावर मला पालथी-उताणी करून बघत स्क्वायर म्हणाले, "टायटस, कुलूप साधं लाव. भपका नको. लोकांना वाटलं पाहिजे की ही आपल्याच घरातली वस्तू आहे."

"फट केवढी ठेवू, स्क्वायर?"

"एक कागद जाईल एवढी. हात जाणार नाही एवढी."

टायटस गालात हसले. त्यांना माणूस आवडला. मलाही आवडला, का खोटे बोलू?

आमच्याकडे निवडणूक खानावळीच्या मोठ्या खोलीत होई. तिथे स्क्वायरनी एक रीत घालून दिली. मतदाराने घडी केलेला कागद पंचाच्या हातात द्यायचा. पंचाने त्याचे नाव आणि राहण्याचे ठिकाण मोठ्याने पुकारायचे. कोणाची हरकत असेल तर त्याने तिथल्या तिथे उठून बोलायचे. नसेल तर सगळ्या खोलीने एका आवाजात 'ऐकलं!' म्हणायचे. मगच पंच तो कागद माझ्या फटीतून आत सोडी. कागदात काय आहे ते फक्त मला ठाऊक, आणि मी कधी चुगली केली नाही.

"नाव मोठ्यानंच का पुकारायचं?" असे एकाने विचारले तेव्हा स्क्वायर म्हणाले होते, "अरे, ज्याचं नाव चारचौघांत पुकारलं गेलं, त्याला कोणी गुपचूप गिळू शकत नाही."

पंच म्हणून दर वर्षी तेच बसत. पहिल्या वर्षी दुपारी खोलीत कातड्याचा वास आला आणि त्याच्या मागोमाग केझिया ऑगबॉर्न आल्या. त्यांचा कातडी कमावण्याचा कारखाना ओढ्यापलीकडे होता. नवरा सैन्याच्या छावणीत तापाने गेला. तेव्हा सासरची मंडळी म्हणाली, विकून टाक. त्यांनी विकला नाही. कातडी कमावायच्या ओकच्या सालीच्या पाण्यात हात बुडवून बुडवून ते कोपरापर्यंत तपकिरी झाले होते. प्रार्थनेला आल्या की शेजारच्या बाकावरच्या बायका नाकाला रुमाल लावीत, आणि या मुद्दाम अजून थोड्या सरकून बसत.

त्यांनी कागद पुढे केला आणि म्हणाल्या, "स्क्वायर, आधीच सांगते. माझं मत तुम्हाला नाही."

"का बरं, ऑगबॉर्नबाई?"

"ओढ्यावरचा पूल दोन वर्षं नुसता तुमच्या भाषणात उभा आहे. माझी बैलगाडी भाषणावरून जात नाही."

खोली खो-खो हसली. सगळ्यांत मोठ्याने स्क्वायर हसले. मग उभे राहून त्यांनी अशी हाळी दिली की बाहेर बांधलेले घोडे दचकले. "केझिया ऑगबॉर्न, राहणार ओढ्यापलीकडे!"

"ऐकलं!"

कागद माझ्या तळाशी पडला. त्याला ओकच्या सालीचा वास होता. मग स्क्वायरनी आल्याच्या केकचे ताट स्वतः त्यांच्यापुढे धरले. "घ्या. विरुद्ध मत देणाऱ्याला मोठा तुकडा."

"आणि पूल?"

"तोही घ्या."

पुढच्या उन्हाळ्यात पूल झाला. त्यानंतरच्या निवडणुकीत केझियाबाईंच्या कागदावर कोणाचे नाव होते, ते मी सांगणार नाही. पण तुम्ही ओळखू शकता.

ती माझी भरभराटीची वर्षे. संध्याकाळी मतमोजणी झाली की लोक सफरचंदाचा सायडर पीत बसत आणि स्क्वायर बोलत. त्यांचे बोलणे पुस्तकी नसे. ते म्हणत, "सत्ता म्हणजे शेजाऱ्याकडून मागून आणलेली कुऱ्हाड. काम झालं की धार लावून परत करायची." कधी माझ्यावर बोटांनी ठेका धरून म्हणत, "हिच्यात वजनदार माणसाचा कागद पडू दे नाहीतर हलक्याचा, आवाज सारखाच येतो." मित्रांनो, हे मात्र मी स्वतः सांगते, अगदी खरे आहे. आत पडताना सगळे कागद सारखेच वाजतात. टायटसचा कागद, गिरणीमालकाचा कागद, केझियाबाईंचा कागद. मला कधी फरक कळला नाही. फरक फक्त वासाचा.

टायटस दर वर्षी सकाळी पहिल्यांदा येत. कागद दिला, नाव पुकारले गेले, 'ऐकलं' झाले, की ते खोलीच्या दाराशी क्षणभर थांबत. एकदा केझियाबाईंनी विचारले, "टायटस, काम झाल्यावर थांबतोस कशाला?"

"काही नाही, बाई. तो आवाज संपेपर्यंत थांबतो."

"कुठला आवाज?"

"सगळे मिळून 'ऐकलं' म्हणतात तो. माझं नाव लहानपणी लिलावातच पुकारलं होतं. आता हे ऐकून जरा बरं वाटतं."

पुढच्या वर्षीपासून टायटसची पाळी असेल तेव्हा केझियाबाई लवकर येऊन बसू लागल्या आणि त्यांचे 'ऐकलं' सर्वांच्या वर ऐकू येऊ लागले.

वर्षे गेली. स्क्वायर राज्याच्या विधानसभेत निवडून गेले. पुन्हा गेले, पुन्हा गेले. त्यांनी गाडी घेतली, गाडीला पडदे लावले. राजधानीहून येताना त्यांच्याबरोबर पक्षाची माणसे येऊ लागली, बारीक आवाजात बोलणारी. निवडणुकीच्या दिवशी आल्याचा केक मिळायचा, पण विरुद्ध मत देणाऱ्याला मोठा तुकडा ही थट्टा कधी बंद झाली, ते कोणाच्या लक्षात आले नाही. माझ्या आले. पेटीला दुसरे काम काय असते?

मग न्यायालयाच्या इमारतीची भानगड उभी राहिली.

जिल्ह्याचे नवे न्यायालय बांधायचे होते. आमच्या गावी की नदीपलीकडच्या गावी, हे मतांनी ठरणार होते. न्यायालय आले की वकील येतात, वकिलांमागे खानावळी, दुकाने, रस्ते येतात. दोन्ही गावे अशी पेटली की सख्ख्या भावांनी एकमेकांच्या घरची पाव-लोण्याची देवाणघेवाण बंद केली. स्क्वायर सगळ्यांत जास्त पेटले. नदीपलीकडचे लोक हवे तसे मत टाकताहेत, एकेक जण तीनतीनदा, अशी बातमी आली, आणि पक्षाची बारीक आवाजाची माणसे त्यांच्या कानाला लागली.

तो थंडीचा दिवस मी विसरणार नाही. सकाळी टायटस येऊन गेले. केझियाबाई येऊन गेल्या आणि शेकोटीपाशी बसून राहिल्या. दुपारनंतर फटीतून येणाऱ्या कागदांचा वास बदलला. त्यांना रमचा वास येऊ लागला. एकाच हाताचा वास दोनदा, तीनदा येऊ लागला. मग घागरे आले.

गिरणीवरचे तरणे गडी बहिणींचे घागरे नेसून आले होते. डोक्याला टोपडी, खाली चिखलाचे बूट. पहिलीने कागद पुढे केला आणि नाजूक आवाजात सांगितले, "प्रुडन्स ग्रीन. अविवाहित."

केझियाबाई ताडकन उठल्या. "स्क्वायर, हरकत! या पोरीला दाढी आहे."

खोलीत हशा पिकला. स्क्वायरनी त्या गड्याच्या तोंडाकडे पाहिले. खूप वेळ पाहिले. मला वाटले, आता उठतील, आता त्याची बकोटी धरतील. हीच तर त्यांची रीत होती. याचसाठी तर नाव पुकारायचे.

"ऑगबॉर्नबाई," ते म्हणाले, "थंडी फार आहे. लोकरीचा गळपट्टा असेल."

आणि मग माझ्या स्क्वायरनी, ज्यांच्या आवाजाने घोडे दचकत, त्याच आवाजात पुकारले, "प्रुडन्स ग्रीन, राहणार गिरणीजवळ!"

"ऐकलं!" सगळी खोली हसून हसून ओरडली.

एक कागद जाईल एवढी फट, हात जाणार नाही एवढी. त्या दिवशी माझ्यात हात गेला, मित्रांनो. त्यांचाच गेला. कुंपणानेच शेत खाल्ले.

मोजणी झाली तेव्हा माझ्या पोटात गावातल्या एकूण माणसांपेक्षा जास्त मते निघाली. पलीकडच्या गावीही तेच. राज्यभर छी-थू झाली. ते मतदान रद्द झाले आणि चौकशी बसली. हे केले कोणी, असे जो तो विचारू लागला. उत्तर सगळ्यांना माहीत होते, पण ते द्यायला कोणाची जीभ रेटेना, कारण घागरे नेसणाऱ्यांत सगळ्यांचीच मुले होती.

एके दुपारी स्क्वायर खानावळीच्या रिकाम्या खोलीत आले. दार लावले. मला टेबलावर ठेवून माझ्यावर हात टेकवला आणि विधानसभेत करायच्या भाषणाची तालीम सुरू केली. ते दर भाषणाची तालीम माझ्यासमोरच करीत. म्हणत, तू टाळ्या वाजवत नाहीस, म्हणून तुझ्यावर विश्वास आहे.

त्या भाषणात त्यांनी सांगितले की निवडणुकीत गोंधळ होतो तो बायकांमुळे आणि काळ्या लोकांमुळे. त्यांना कोणीही फसवतो, कोणीही त्यांचा वेष घेतो. राज्याची अब्रू वाचवायची तर मत फक्त गोऱ्या, कर भरणाऱ्या पुरुषाला असावे. मध्येच ते अडखळले. मग हळूच म्हणाले, "घर पेटलं की एक खोली पाडावी लागते, म्हणजे बाकीचं वाचतं." ते वाक्य त्यांना आवडले. त्यांनी ते पुन्हा म्हणून पाहिले. "एवढ्यापुरतं," असेही म्हणाले, पण ते भाषणात नव्हते.

खोली कोणाची पाडायची, हे त्यांनी माझ्यावर हात ठेवून ठरवले. घागरे नेसले गिरणीवाल्यांनी आणि हक्क गेला खऱ्या घागरेवालीचा. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. मला ओरडायचे होते. पण माझ्या तोंडात कागद जातात, शब्द बाहेर येत नाहीत.

कायदा झाला. भाषणाची वाहवा झाली. हिवाळा सरला, उन्हाळा गेला आणि पानगळीत पुन्हा निवडणूक आली. मी टेबलावर होते. स्क्वायर माझ्यामागे बसले होते. दुपारी खोलीत ओकच्या सालीचा वास आला.

केझियाबाईंनी तीच जुनी निळी शाल घेतली होती. केस आता पांढरे झाले होते. त्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढचे लोक एकेक करून पांगले, आणि त्या टेबलापाशी आल्या. घडी घातलेला कागद पुढे केला.

"नाव पुकारा, स्क्वायर."

"ऑगबॉर्नबाई, तुम्हाला कायदा माहीत आहे."

"माहीत आहे. तो कोणी केला, तेही माहीत आहे. नाव पुकारा."

"तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, बाई. तुमच्यासारख्या सगळ्याच असत्या तर..."

"सगळ्याच माझ्यासारख्या होत्या. दाढीवाल्या तेवढ्या तुमच्या होत्या."

कोणीतरी मागे फिसकन हसले आणि लगेच गप्प झाले. केझियाबाईंचा आवाज चढला नव्हता. त्या म्हणाल्या, "मी दर वर्षी कर भरते. यंदाही भरला. सत्ता शेजाऱ्याकडून मागून आणलेली कुऱ्हाड, असं तुम्हीच म्हणायचात ना? धार लावून परत द्यायची, म्हणायचात. धार लावलीत, स्क्वायर. आणि शेजाऱ्याचंच झाड तोडलंत."

स्क्वायरनी आपला उजवा पंजा उचलला आणि माझ्या फटीवर ठेवला.

मित्रांनो, तो तळहात मला लहानपणापासून माहीत होता. त्याने मला कापडाने पुसले होते, माझ्यावर ठेका धरला होता. त्या दिवशी तो गार होता आणि थोडा ओला होता. माझे तोंड त्याच्याखाली बंद होते. केसाने गळा कापणे म्हणतात, ते मी त्या हाताखाली शिकले.

केझियाबाई खोलीकडे वळल्या आणि स्वतःच मोठ्याने म्हणाल्या, "केझिया ऑगबॉर्न, राहणार ओढ्यापलीकडे!"

खोली भरलेली होती. त्यांच्या कातड्याचे बूट घातलेले लोक होते. त्यांच्या पुलावरून आलेले लोक होते. शेजारी होते. सगळे आपापल्या टोप्यांकडे बघत राहिले.

तेवढ्यात दारातून एकच आवाज आला. "ऐकलं."

टायटस होते. उंबऱ्याबाहेर उभे होते, कारण त्या वर्षीपासून त्यांनाही आत काही काम उरले नव्हते.

स्क्वायर म्हणाले, "टायटस, तुला इथे बोलायचा हक्क नाही."

"बोललो कुठे, स्क्वायर? ऐकलं तेवढं सांगितलं."

केझियाबाईंनी कागदाची अजून एक घडी केली, तो शालीच्या आत ठेवला आणि त्या निघून गेल्या. त्यांचे मत त्या वर्षी कोणाला होते ते मला ठाऊक नाही. माझ्या आयुष्यात ठाऊक नसलेले ते एकच मत.

पुढे शहरातून पितळी कुलपाची नवी पेटी आली आणि मला खानावळीच्या फळीवर टाकले. मेणबत्त्या, तुटक्या वाती, उंदरांच्या लेंड्या, काय काय म्हणून ठेवले नाही माझ्यात. एकदा टायटस तिथली खिडकी दुरुस्त करायला आले. मला पाहिले, हातात घेतले आणि कोपऱ्यांचे दाते अंगठ्याने चाचपले. खानावळवाला म्हणाला, "न्यायची तर ने. नाहीतरी चुलीतच जाणार आहे." टायटसनी मला काखोटीला मारले आणि पूल ओलांडून थेट केझियाबाईंकडे नेले.

त्यांनी माझ्यात घेवड्याचे बियाणे ठेवले. मला राग आला नाही. बियाणे जपून ठेवतात, पुढच्या वर्षी लागेल म्हणून. वर्षानुवर्षे मी त्यांच्या खिडकीत बसून ओकच्या सालीचा वास घेतला.

आणि एक दिवस स्क्वायर आले. काठी टेकत, एकटेच. खूप म्हातारे झाले होते. गावाने त्यांचे चित्र काढवून घ्यायचे ठरवले होते. फिलाडेल्फियाहून चित्रकार आला होता.

"ऑगबॉर्नबाई," ते म्हणाले, "ती पहिली पेटी तुमच्याकडे आहे असं कळलं. चित्रात माझा हात तिच्यावर असावा अशी माझी इच्छा आहे. माझ्या हातून काय चांगलं झालं, ते पुढच्या लोकांना कळावं."

केझियाबाईंनी बियाणे एका वाडग्यात ओतले, मला फडक्याने पुसले आणि टेबलावर, दोघांच्या मध्ये ठेवले.

"न्या," त्या म्हणाल्या. "पण आधी नाव पुकारा."

"इथे? या स्वयंपाकघरात?"

"दार उघडं आहे. अंगणात माझी चार माणसं आहेत. रस्त्यावर गाड्या आहेत. तुमचा आवाज पूर्वी घोड्यांना ऐकू जायचा."

"आता त्यानं काय होणार, बाई? कायदा कायदा आहे. मत काही परत येणार नाही."

"मत मागत नाहीये मी. एकदा नाव पुकारा. तुमच्या तोंडानं. त्या दिवशी राहून गेलं तेवढंच."

स्क्वायरनी माझ्यावर हात ठेवला. त्यांनी उघड्या दाराकडे पाहिले. त्यांचे ओठ हलले, आणि माझ्या झाकणाला त्यांच्या श्वासाची ऊब लागली, तेव्हा मित्रांनो, मी सगळे विसरायला तयार झाले होते. एवढ्या वर्षांचे सगळे. एका हाळीवर.

अंगणात कोणीतरी हसले. दुसऱ्याच कशाला तरी हसले असेल. पण स्क्वायरनी दचकून हात काढून घेतला.

"लोक काय म्हणतील," ते पुटपुटले. "मी चूक होतो असं म्हणतील."

"हो," केझियाबाई म्हणाल्या. "तेवढंच म्हणतील."

ते काठी टेकत पूल ओलांडून गेले. जो पूल त्यांनी केझियाबाईंसाठी बांधला होता, तोच. चित्रात हात ठेवायला त्यांनी नवी पेटी घेतली. केझियाबाईंनी बियाणे पुन्हा माझ्यात भरले, पण त्या दिवशी त्यातले दोन-चार दाणे खाली सांडले आणि त्यांनी ते उचलले नाहीत.

सगळे गेले. स्क्वायर गेले, मोठी अंत्ययात्रा निघाली. टायटस गेले. केझियाबाई गेल्या. त्यांच्या नातवंडांच्या नातवंडांनी माळा साफ करताना मला इथे आणून दिले. बायकांना मत परत मिळाले, काळ्या माणसांना मिळाले, पण ते पाहायला त्या दोघांपैकी कोणी नव्हते. स्क्वायर काय म्हणत असत, ते या भिंतींवर सुंदर अक्षरांत लावले आहे. कुऱ्हाडीचे वाक्यही आहे. लोक ते वाचून "वा!" म्हणतात. वाक्य खरेच चांगले आहे. मला त्या वाक्यांवर राग नाही. ती खरी होती म्हणूनच तर एवढे लागले.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, आम्हाला पुसा. मी तसे सांगणार नाही. माझी धूळ इथला नोकर पुसतो. तुम्ही दुसरे काहीतरी जपा. कुठेही नावे पुकारली जात असतील, शाळेत, गावात, सभेत, तर कोणाचे नाव राहिले ते बघा. आपले नाव पुकारले गेले म्हणून खूश होऊन घरी जाऊ नका. आणि एखादी बाई भरल्या खोलीत उभी राहून स्वतःच स्वतःचे नाव पुकारत असेल, तर टोपीकडे बघू नका.

आता तुमच्या बाई तुम्हाला हाक मारतील, चित्रापुढे रांग करायला. जा. पण जाण्याआधी एक काम करा. माझा आवाज काचेपाशी थांबून ऐकणाऱ्यापलीकडे जात नाही. मी मनातल्या मनात एक नाव पुकारते, रोज पुकारते, आणि या खोलीत त्यावर कोणी काही बोलत नाही. तुम्हाला त्यावर काय म्हणायचे, ते आता माहीत आहे.

केझिया ऑगबॉर्न, राहणार ओढ्यापलीकडे!